गिअरबॉक्स स्वतः उघडावा का?

भारतात गाडी शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचा डावा पाय क्लचवर घडलेला असतो. त्यामुळे अमेरिकेत रोजची गाडी ऑटोमॅटिक असली, तरी हौसेखातर एखादी जुनी मॅन्युअल मस्टँग गराजमध्ये ठेवणारे काही जण असतातच. मग एक दिवस तिसरा गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो, दुरुस्तीवाला मोठा आकडा सांगतो, आणि आपल्यातला इंजिनिअर जागा होतो: "मीच उघडतो की!"

माझं मत आधीच सांगून टाकतो. निदान प्रत्येकाने स्वतः करावं. गिअरबॉक्स मात्र ती गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची नसेल तरच उघडावा. आणि उघडायचाच असेल, तर पैसे वाचवण्यासाठी उघडू नये.

आधी तो आवाज कशाचा ते पाहू. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.३५ आणि दुसऱ्याचं १.९९ आहे असं धरा. पहिल्यात इंजिन ५००० आरपीएमला असताना गिअर बदलला, तर गाडीचा वेग तोच ठेवून दुसऱ्यात ते साधारण २९७० ला यायला हवं. क्लच दाबल्यावर इंजिन वेगळं होतं, पण क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि काउंटरशाफ्ट फिरतच असतात. क्षणार्धात त्यांचा वेग खाली आणायचं काम सिंक्रोनायझरची छोटी रिंग करते. अर्ल थॉम्पसन यांची ही कल्पना १९२९ च्या मॉडेलच्या कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा आली. त्याआधी चालकाला दोनदा क्लच दाबून हे काम स्वतः करावं लागे.

रिंग आतून शंकूसारखी असते, आणि खरी गंमत त्या शंकूत आहे. त्याचा कोन साडेसहा अंश धरला, तर त्याची साइन सुमारे ०.११ येते. म्हणजे तेवढ्याच जोराने सपाट पृष्ठभाग दाबला असता जो टॉर्क मिळाला असता, त्याच्या जवळजवळ नऊपट टॉर्क इथे मिळतो. पाचरीचंच तत्त्व. रिंगच्या आतल्या बारीक खाचा तेलाचा थर कापतात. त्या झिजल्या की घर्षण उरत नाही, वेग जुळत नाहीत आणि दात दातांवर आपटतात.

आता निदान. यासाठी एकही बोल्ट काढावा लागत नाही. एकाच गिअरला खरखर होत असेल, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रोवर. सगळ्याच गिअरना होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. म्हणजे केबल किंवा हायड्रॉलिक बघा, गिअरबॉक्सला हात लावू नका. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते? मग इनपुट किंवा काउंटरशाफ्टचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच येते? मग रिलीज किंवा पायलट बेअरिंग, आणि ती दोन्ही गिअरबॉक्सच्या बाहेर असतात. मस्टँगच्या टी-५ सारख्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट, १:१ असतो. त्यात ताकद काउंटरशाफ्टमधून जात नाही. बाकी गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात गायब झाला, तर गुन्हेगार जवळजवळ सापडलाच.

शेवटी तेल काढून चुंबक फिरवा. पितळेची बारीक चमक चुंबकाला चिकटत नाही. ती रिंगच्या झिजेची. पोलादाचे तुकडे चिकटले, तर दात तुटलेत. तेल कोणतं आहे हेही बघा. वर्ल्ड क्लास टी-५ ला ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं. 'गिअरबॉक्स आहे म्हणजे जाड गिअर ऑइल' अशा समजुतीने भरलेल्या तेलामुळेही गिअर जड पडतात. योग्य तेल घालून आठवडाभर चालवून बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे.

एवढं करूनही दोष आतच निघाला तर? व्हिडिओंमध्ये हे काम पाने-स्क्रू ड्रायव्हरचं वाटतं. प्रत्यक्षात ते मोजमापाचं आहे. टी-५ मधल्या टेपर रोलर बेअरिंगचा सैलपणा शिम घालून इंचाच्या काही हजारांश भागांत बसवावा लागतो. एक हजारांश इंच म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कमी. सैल राहिलं तर शाफ्ट डुलतो, घट्ट झालं तर बेअरिंग तापून जातं. डायल इंडिकेटर, प्रेस आणि पुलर नसतील, तर नवे भाग घालूनही गिअरबॉक्स जुन्याइतकाच वाईट होऊ शकतो.

पैशांचा हिशोबही फसवा असतो. किटमध्ये सहसा बेअरिंग, सील आणि रिंग येतात. गिअर येत नाहीत. उघडल्यावर गिअरचेच दात खराब दिसले, तर खर्च एका दमात वाढतो. त्यात अवजारं मिळवा. अशा वेळी तयार, पुन्हा बांधलेला गिअरबॉक्स आणून बसवणं हा व्यवहारी मार्ग आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. कोणताही मार्ग घेतलात तरी गिअरबॉक्स उतरलेला असतानाच क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदला. तो ३०-३५ किलोचा असतो, त्यामुळे ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक स्टँड हवेतच.

मग उघडायचा कशाला? आपल्या समाजात शिकलेल्या माणसाने हात काळे करणं अजूनही कमीपणाचं मानलं जातं. गावाकडे मजुरी स्वस्त म्हणून आपण ते टाळलं, इथे पगार चांगला म्हणून टाळतो. "माझ्या तासाची किंमत जास्त आहे" हे वाक्य गणितात बरोबर आहे, पण शनिवारी दुपारी त्या तासाचे पैसे आपल्याला कोण देणार असतं? घर्षण, जडत्व, पाचर हे सगळं आपण परीक्षेत लिहिलेलं असतं, पण ते हातात घेऊन क्वचितच पाहिलेलं असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला झिजलेली आणि नवी रिंग शंकूवर दाबून बघायला दिली, तर घर्षणाचा धडा तिला वेगळा शिकवावा लागणार नाही.

म्हणून स्वतःला तीनच प्रश्न विचारा. दोष आतच आहे याची खात्री आहे का? मोजायची साधनं आहेत का? गाडी दोन महिने उभी राहिली तर चालेल का? तिन्हींना 'हो' असेल, तर बाह्या सरसावा. एकालाही 'नाही' असेल, तर गिअरबॉक्स जाणकाराकडे द्या. पण निदान तुमचं तुम्हीच करून द्या. काय बिघडलंय हे माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला नको ती कामं गळ्यात मारणं कठीण जातं.