लहान मोटार आणि काळी पांदण

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिमेला, खेड्यांतून येणाऱ्या लहान मोटारींच्या पोटाला चिकटलेली काळी माती आधी नजरेत भरते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, २००९ मध्ये नॅनो आली आणि दोन्ही वेळी सामान्य माणसाची मोटार आल्याचा गजर झाला. या दोन्ही गाड्या आता तयार होत नाहीत; परंतु हातोहात विकल्या जात त्या व त्यांच्यासारख्या मोटारी वऱ्हाडच्या खेड्यांत जाऊन पोहोचल्या. ज्याने ती घेतली तो कोरडवाहू शेतकरी किंवा किराणा दुकानदार मिरवण्याचा शौकीन नव्हे. घरात बाळंतीण असते, दम्याची म्हातारी असते आणि शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते.

मोटार सामान्य माणसाची झाली, रस्ता मात्र झाला नाही. बारा इंची चाकांची ही हलकी गाडी डांबरी सडकेसाठी घडलेली. वऱ्हाडची काळी कसदार जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. उन्हाळ्यात बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांतून जाताना मधल्या उंचवट्यावर गाडीचे पोट घासते, प्रसंगी चेंबर फुटतो. म्हणून जाणता चालक एक चाक मधल्या उंचवट्यावर व दुसरे कडेला ठेवून हळूहळू काढतो. पावसाळ्यात चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यात गच्च बसतो व चाक फिरेनासे होते. चार माणसांनी ढकलली तर ती निघते, हा तिचा खरा गुण. जड जीप अशी निघत नाही. पण रात्री दोन वाजता चार माणसे आणायची कोठून? म्हणून पाऊस लागला की मोटार पक्क्या सडकेच्या फाट्यावर उभी राहते आणि रोगी बैलगाडीतून तिथवर येतो.

याच जिल्ह्याने जून २०२२ मध्ये एक विक्रम पाहिला. अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. कामगारांच्या कष्टांना उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु यंत्रे, पैसा व इच्छा एकत्र आली तर काय होते हे दिसल्यानंतर पांदणीसाठी साधने नाहीत ही सबब टिकत नाही. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांच्या नावाने जो उपकर घेतला जातो, तो फाट्यावर अडकलेला मोटारवालाही भरतोच.

२००० साली सुरू झालेली पंतप्रधान ग्रामसडक योजना वस्ती जोडण्यापुरती होती. शेताकडे व शेतातल्या वस्तीकडे जाणारी पांदण तिच्या कक्षेत नव्हती. रोजगार हमीतून पांदणींचे मातीकाम पुष्कळ झाले. मात्र २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरी व साहित्याचे प्रमाण ६०:४० असे बांधून दिले. मजुराच्या हिताची ही अट योग्यच होती, पण काळ्या मातीवर नुसती काळी मातीच टाकली तर ती पहिल्याच पावसात चिखल होते. तिला दगड, मुरूम आणि कडेची नाली हवी. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत राज्याने या साहित्यासाठी जास्तीचा पैसा जोडण्याचे मान्य केले, ते याच कारणाने.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मृगाआधीच्या ग्रामसभेत गावनकाशा मागवावा, कागदावरील पांदण पायी चालून पाहावी, आणि अंदाजपत्रकात मुरूम व नाली यांची रक्कम धरली आहे की नाही हे तहसीलदारांकडून लेखी घ्यावे. अतिक्रमण करणारा आपलाच माणूस निघाला तरी त्याचे नाव त्याच सभेत घ्यावे.