टोपणनाव: कोणाचा बुरखा, कोणाची ढाल?

'खऱ्या नावाने लिहा, नाहीतर लिहू नका' असा आग्रह क्रिकेटवर बोलणारे काही प्रतिष्ठित लोक धरतात. कारण दिले जाते ते सट्ट्याच्या टिपा विकणाऱ्या टेलिग्रामवाल्यांचे. कारण खरे आहे, आग्रह खोटा आहे.

आयपीएल आली की आपल्या वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर कोणी 'गुरू', कोणी 'किंग' अवतरतो. पाच सामने अचूक सांगितले, आता सहाव्याचे पैसे भरा! हे अचूक कसे ठरते ते बघा. 1024 जणांना संदेश जातो. निम्म्यांना एक संघ जिंकणार म्हणून कळवायचे, निम्म्यांना दुसरा. ज्यांच्याकडे चुकला ते 512 सोडून द्यायचे, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. पाच सामन्यांनंतर 32 जण असे उरतात की त्यांच्या लेखी हा माणूस एकदाही चुकलेला नाही. उसनवारी करून पैसे लावतात ते हेच 32. बुडाले की चॅनेलचे नाव बदलते, चुकलेले अंदाज पुसले जातात. मटक्याचा आकडा घेणारा निदान नाक्यावर दिसत तरी होता. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे. पण ज्याला नावच नाही त्याला समन्स कुठे बजावणार?

मग खरे नाव हाच उपाय? त्या कायद्याआधी कितीतरी नामांकित क्रिकेटपटू आणि नट पैशांच्या खेळांच्या जाहिराती स्वतःच्या नावाने, चेहऱ्याने करतच होते की! नाव होते, प्रतिष्ठा होती. पोरांचे पैसे वाचले का?

आणि आपल्या देशात आडनाव हे नुसते आडनाव नसते. संघनिवडीतल्या जातीवर एखाद्या कांबळेने चार ओळी लिहाव्यात, उत्तर मुद्द्याला येत नाही, आडनावाला येते. आरक्षणाचा टोमणा ठरलेला. बाळू पालवणकरांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 मध्ये भाऊ विठ्ठलला मिळाले. (पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. म्हणून त्यांच्यावरचा अन्याय कमी होत नाही.) कर्तृत्व जगजाहीर असूनही प्रतिष्ठा जातीच्या मापानेच मिळाली.

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत होते. त्या अंकातले विचार नावाअभावी हलके ठरले का?

तेव्हा नियम लावायचा तर पैशाला लावा. जो अंदाज विकतो त्याने नाव, पत्ता आणि हरलेल्या अंदाजांसकट सगळा हिशेब उघडा ठेवावा. जो कोणाकडून दमडी घेत नाही, फक्त बोलतो, त्याचा मुद्दा खोडून दाखवा. त्याचे आडनाव कशाला हवे आहे तुम्हाला?