इलेक्ट्रॉनची बैठक

क्वांटम संगणकाची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: क्युबिट किती? आपल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे उद्दिष्टही आकड्यातच आहे. एप्रिल २०२३मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींतून आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिट! या मोजदादीत एकाच क्युबिटवर खपणाऱ्याला कोण विचारणार?

विचारायला हवे. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत डाफेई जिन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली एक सुटा इलेक्ट्रॉन गोठलेल्या निऑनवर बसवून त्याचा क्युबिट केला. इलेक्ट्रॉन मिळवणे सोपे, टंगस्टनची तार तापवली की झाले. करामत आहे ती बैठकीची. सिलिकॉनमध्ये अडकवलेल्या इलेक्ट्रॉनला शेजार स्वस्थ बसू देत नाही. नैसर्गिक सिलिकॉनमधल्या सुमारे पावणेपाच टक्के अणूंची केंद्रके स्वतःच चुंबकी असतात आणि ते अणू वेगळे काढणे खर्चाचे काम. निऑन मुळातच अलिप्त. तो इलेक्ट्रॉनला किंचित ओढतो, पण आत घेत नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा इलेक्ट्रॉन वरच, निर्वातात तरंगतो. सुरुवातीला त्याची क्वांटम अवस्था मायक्रोसेकंदभरही टिकत नव्हती. २०२३पर्यंत ती शंभर मायक्रोसेकंदांवर गेली. कल्पना मात्र जुनी. प्लॅट्झमन आणि डिकमन यांनी १९९९मध्येच द्रव हीलियमवरचे इलेक्ट्रॉन सुचवले होते. पण द्रवाच्या पृष्ठभागावर तरंग उठतात आणि इलेक्ट्रॉनही डुलतो. निऑन घन, म्हणून ती डुगडुग नाही.

त्याआधी १९७३मध्ये हान्स डेमेल्ट यांनी सिअ‍ॅटलला एकटा इलेक्ट्रॉन सापळ्यात धरला, तो त्याचे चुंबकत्व मोजायला. नोबेल मिळाले १९८९मध्ये. क्युबिट हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. अशा कामाला कोणत्या मोहिमेच्या तक्त्यात रकाना असतो?

एका क्युबिटने गणित होत नाही, हे मान्य. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंफणे ही खरी कसोटी. पण निऑनवरचा इलेक्ट्रॉन वाचला जातो अतिवाहक मायक्रोवेव्ह मंडलाने, आणि ही विद्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेच. तिथल्या गटाने सहा क्युबिटांचा अतिवाहक प्रोसेसर घडवला आहे. त्याच शीतकपाटात एखादा कोपरा निऑनसाठी राखायला मोहिमेला फार पैसे लागणार नाहीत. फक्त प्रगतिअहवालात पहिली काही वर्षे ‘क्युबिट: एक’ असे लिहून द्यायची तयारी हवी, आणि ते वाचून न चिडणारा सचिव.