लिस्बन पाहावे ते पायी, आणि डोळे उघडे ठेवून

गोव्यातून लिस्बनला जाणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली तिथे पोचताच गहिवरणाऱ्यांची. बाल्कनीवर वाळत घातलेले कपडे पाहिले, पावाचा वास आला की त्यांना 'ते दिवस' आठवतात, मग ते दिवस त्यांनी स्वतः पाहिलेले असोत वा नसोत! दुसरी तऱ्हा आपल्या मराठी मंडळींत अधिक. "साडेचारशे वर्षे ज्यांनी राज्य केले त्यांच्या गावात जाऊन आपण पैसे कशाला घालवायचे?" असा त्यांचा रोकडा सवाल. मला दोन्ही पटत नाही. मी आणि सौ. पाच दिवस लिस्बनमध्ये राहिलो, तेही बेताच्या पैशांत. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की गोमंतकीयाने लिस्बन जरूर पाहावे. मात्र सहलीवाले दाखवतात तेवढेच पाहून परतू नये. गंमत म्हणजे जे मुद्दाम पाहायला हवे, त्याला पैसेही फारसे पडत नाहीत.

आधी पैशांचे बोलू. लिस्बन सात टेकड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. तेजो नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाशी ते वसले आहे. मधला बायशा हा भाग सपाट. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, समुद्राच्या लाटांनी आणि आगीने तो नष्ट केला, नंतर सरळ रेषेतल्या रस्त्यांनी पुन्हा बांधला. दोन्ही बाजूंना चढ. पणजीत आल्तिनो चढून गेलेल्याला हे नवे नाही, पण इथे एक आल्तिनो उतरला की दुसरा समोर उभा! फरसबंदी छोट्या पांढऱ्या दगडांची, झिजून गुळगुळीत झालेली. हॉटेलवर चार पैसे वाचवा, पण चांगल्या तळव्यांच्या बुटांवर वाचवू नका.

चढणीच्या टोकाला 'मिरादोरु' म्हणजे शहर न्याहाळायच्या मोकळ्या जागा आहेत. ग्रासाच्या टेकडीवरून किंवा पोर्ताश दु सोलवरून लाल कौलांची उतरंड थेट नदीपर्यंत दिसते. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही. पिवळ्या २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये चढून तिकीट काढले तर महाग पडते. आधीच कार्ड घेऊन २४ तासांचा पास भरला तर ट्राम, बस, मेट्रो सगळे त्यात येते. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर निघावे. ग्लोरियाच्या चढणीवरची जुनी गाडी मात्र ३ सप्टेंबर २०२५ रोजी घसरली आणि १६ माणसे गेली. त्या उतारावरून चालताना हे विसरू नये.

खाण्याचे म्हणाल तर कोपऱ्यावरच्या पाश्तेलारियात, तेही काउंटरपाशी उभे राहून खावे. रस्त्यावर मांडलेल्या टेबलाशी बसले की तीच कॉफी महाग होते. जेवायला बसल्यावर न मागता पाव आणि ऑलिव्ह समोर येतात. तो पाहुणचार नव्हे, खाल्ले की बिलात लागतात. नको असेल तर हात न लावता परत करावेत. 'शामुसा' असे लिहिलेले दिसले की ओळखावे, आपला सामोसाच आहे. गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने तो तिथे पोचला. पाव, चावी, बादली, बटाटा हे शब्द आपल्याकडे आले, सामोसा तिकडे गेला. देवघेव अशीही चालते.

राहण्याच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे कडक आहे. आल्फामा ही भूकंपातून बरीचशी वाचलेली जुनी वस्ती. तिथली कितीतरी घरे आता पर्यटकांच्या खोल्या झाल्या आहेत आणि जुने भाडेकरू शहराबाहेर गेले आहेत. स्वस्त म्हणून जी खोली आपण घेतो, ती कालपर्यंत कुणाच्या तरी आजीची असू शकते. पणजीच्या फोंताइनशमध्ये दारात येऊन फोटो काढणाऱ्यांचा त्रास आपण पाहतोच. मग तोच त्रास दुसऱ्याच्या गावी आपण का द्यावा? आम्ही साध्या लॉजमध्ये राहिलो. सप्टेंबर २०२४ पासून दर माणशी दर रात्री ४ युरो पर्यटन कर लागतो, तो हिशेबात आधीच धरावा. दोघांचे रोजचे ८ युरो होतात.

आता जे पाहायचे ते. कैश दु सोद्रे स्थानकावरून कश्काइशला जाणारी लोकल नदीच्या कडेने धावते. तिच्यावर आधी बेलेम लागते. १५०१ साली बांधायला घेतलेला जेरोनिमुश मठ तिथे आहे. त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. वास्को १५२४ साली कोचीत वारला आणि त्याचे अवशेष १८८० साली इथे आणून ठेवले. दगडावरचे कोरीव काम अप्रतिम आहे, ते मोकळ्या मनाने पाहावे. नदीकाठी 'शोधांचे स्मारक' आहे, दर्यावर्दींची रांग जहाजाच्या नाळेवर उभी केलेली. कायमच्या दगडात ते उभे राहिले १९६० साली, सालाझारच्या राजवटीत. पर्यटकांच्या बसेस इथूनच माघारी वळतात.

आपण मात्र पुन्हा त्याच लोकलमध्ये बसावे. काही स्थानकांनंतर काशियश येते. इथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे, मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात लढले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळ्या लागून ते पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. ते स्मारक उभे राहिले तेव्हा रानडे कैदेत होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हाही ते कैदेतच होते. आपण स्वतंत्र झालो आणि ज्यांनी ते घडवले त्यांतला एक जण आणखी सात वर्षे इथे भिंतीआड राहिला! सुधीर फडक्यांसारख्यांनी खटपट केली आणि अखेर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. 'सतीचे वाण' हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्या स्थानकाचे नाव वाचून काय वाटेल हे मी सांगायला नको.

शहरातही हा धागा सापडतो. मोठ्या कॅथेड्रलसमोर अल्जूब हा राजकीय कैद्यांचा जुना तुरुंग. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे, तिकीट मोठ्या स्मारकांच्या मानाने किरकोळ. त्या अरुंद कोठड्या पाहताना सौ. हळूच म्हणाली, "अहो, यांनी आपल्याच माणसांनाही सोडले नाही हो!" मला वाटते, लिस्बनमधून घेऊन येण्यासारखी गोष्ट हीच. ज्या राजवटीने रानड्यांना कोंडले तिनेच पोर्तुगीज माणसालाही कोंडले. वर कार्मोच्या चौकात भूकंपाने छप्पर गेलेले चर्च आहे आणि शेजारी सैनिकांचे ठाणे. २५ एप्रिल १९७४ रोजी त्याच ठाण्यात पंतप्रधान काएतानुने शरणागती पत्करली. काशियशचे राजकीय कैदी त्यानंतर दोनच दिवसांत सुटले. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने करार करून मान्य केले तेही त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला.

म्हणून गहिवरणाऱ्यांना माझे सांगणे, कबर पाहा तसा तुरुंगही पाहा. आणि रागावून घरी बसणाऱ्यांना सांगणे, आपल्या रागाचा अर्धा वाटेकरी त्या शहरातच राहत होता, त्याची ओळख करून घ्या. काश्सिल्याशला जाणाऱ्या बोटीत बसलो तेव्हा सौ. म्हणाली, "ही तर आपली पणजी-बेती फेरीबोटच!" तिचे म्हणणे खरे होते. फक्त बेती म्हटल्यावर आपल्या तरुणांपैकी कितीजणांना रानडे आठवतात, हा प्रश्न मला तिथे छळत राहिला. लिस्बनने आपला तुरुंग दाखवायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याला आपण चर्च, देवळे आणि समुद्रकिनारे दाखवतो. आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय २०२१ साली खुले झाले, तिथे आपण स्वतः तरी कितीदा गेलो?