कुठल्या समाजाची शाळा?

‘समाजाची शाळा’ हा शब्द कानावर पडला की मी आधी विचारतो, कुठल्या समाजाची? आपल्याकडं समाज म्हणजे जात. शाळा समाजाची व्हावी, सातवी-आठवीतून बाहेर पडणाऱ्या पोराच्या हातात तिनं पोटापाण्याचं काहीतरी द्यावं, असं भाषण मध्यंतरी आमच्या वस्तीत एका समाजसेवकांनी ठोकलं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. का, ते सांगतो.

१९५३ सालचं मद्रास बघा. मुख्यमंत्री राजगोपालाचारी. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत पोरानं रोज तीनच तास बसायचं; बाकीचा वेळ बापाचा धंदा शिकायचा. ऐकायला किती गोड! श्रमाला प्रतिष्ठा, हाताला काम. पण कुणाचा बाप काय करतो, हे या देशात कुणी ठरवलं? पुजाऱ्याच्या पोरानं पोथी शिकायची आणि ढोरं ओढणाऱ्याच्या पोरानं ढोरं ओढायला. मनूला शाळा-तपासनीस नेमला असता तर त्यानं दुसरं काय केलं असतं? विरोधकांनी योजनेला नाव दिलं ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण. पेरियार आणि त्यांची माणसं रस्त्यावर उतरली. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. भाषणांनी नाही, लढ्यानं.

त्याच १९५३ साली दक्षिण आफ्रिकेत बांटू शिक्षण कायदा आला. वेर्वूर्डचा हिशेब सरळ होता. काळ्या पोराला गोऱ्यांच्या जगात मजुरीपलीकडं जागाच द्यायची नाही, मग त्याला गणित कशाला? दोन देश, एक अक्कल. आधी भविष्य ठरवायचं, मग त्या भविष्याची तयारी म्हणून शाळा द्यायची.

कुणी म्हणेल, टांझानियाचं काय? बरोबर आहे. १९६७ साली न्येरेरेंनी स्वावलंबनाचं शिक्षण मांडलं. बहुतेक पोरं प्राथमिकच्या पुढं जाणार नाहीत, म्हणून ती शाळाच जगायला पुरेशी व्हावी, शाळेला शेत असावं. पण तिथं शाळेतल्या सगळ्याच पोरांनी शेतात उतरायचं होतं. आपल्या शाळांत वर्ग झाडायचं काम माझ्याकडं यायचं आणि घंटा वाजवायचं पाटलाच्या पोराकडं. कुणी हुकूम काढला नव्हता. आपसूक यायचं. या आपसूकपणालाच जात म्हणतात.

हातकामाचा राग मला नाही. जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, त्यात शेतीचं ज्ञानही होतं. पण अक्षराच्या जोडीला, अक्षराच्या बदल्यात नव्हे. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेबांनी सांगितलं की शाळेत येणाऱ्या शंभरातली अठराच पोरं चौथीपर्यंत पोचतात. उरलेल्या ब्याऐंशींना धंदा शिकवा, असं नाही म्हणाले ते. शिक्षणावर पैसा वाढवा म्हणाले. आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं. गळणाऱ्या पोराला त्यांनी वरची पायरी दाखवली, घरचा रस्ता नाही.

आता आजचं. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत पोरानं घरच्या धंद्यात मदत केली तर चालतं, धोक्याचे धंदे वगळून. २०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस बिनदप्तराचे. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं शिकायचं. वाईट काय त्यात? काहीच नाही, जर वकिलाचं पोर कुंभाराच्या चाकावर बसणार असेल आणि कुंभाराचं पोर वकिलाच्या कचेरीत.

म्हणून मित्रांनो, घोषणा पुरे. वही घ्या. आपापल्या वस्तीतली आठवी झालेली पोरं-पोरी मोजा. कोण नववीत गेलं, कोण वीटभट्टीवर, कोणाचं लग्न लावलं, नावानिशी लिहा. शाळेत जाऊन विचारा, धंदेशिक्षणासाठी गणित-इंग्रजीचे तास कापले का? झाडू कुणाच्या हातात असतो? पुढची शाळा किती कोस आहे, एसटी कधी येते, वसतिगृहात जागा किती?

समाजसेवक पुन्हा आले की ती वही त्यांच्यापुढं ठेवा आणि एकच विचारा: साहेब, तुमचं पोर यातला कुठला धंदा शिकतंय?