तोंडी परवानगी

नाटक बसवणे हे प्राध्यापकाच्या कामाच्या तक्त्यात कुठेच नसते. तास संपल्यावर बाके भिंतीला सरकवून तालीम घ्यायची, कपडेपटाच्या भाड्यासाठी कार्यालयात खेपा घालायच्या, रात्री उशीर झाला तर मुली घरी कशा पोहोचतील हे पाहायचे आणि एखादा नट परीक्षेत नापास झाला की त्याच्या वडिलांचे बोलणे ऐकून घ्यायचे. हे सारे मराठीचे नाहीतर इतिहासाचे एखादे सर हौसेने करतात. करंडक मिळाला की छायाचित्रात संस्थेचे सगळे पदाधिकारी असतात. नाटकावरून वाद झाला, की मात्र ते ‘सरांनी बसवलेले नाटक’ ठरते. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात २ फेब्रुवारी २०२४ रोजी विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा भाग म्हणून एक नाटक चालू होते. रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर ते बेतलेले होते. आक्षेप घेणाऱ्यांनी प्रयोग बंद पाडला. दुसऱ्या दिवशी धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून केंद्राच्या प्रमुखांना व पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. ज्यांना ती थट्टा खुपली त्यांचे खुपणे खोटे होते असे मी म्हणत नाही. परंतु परीक्षेच्या नाटकाचा निकाल परीक्षकांनी द्यायचा की पोलीस चौकीने, एवढा तरी प्रश्न आपण विचारावा की नाही?

त्याआधीचे उदाहरण तर शाळेचे आहे, आणि लातूर-उदगीरकडच्या मुलांना ते गाव परके नाही. बीदरच्या एका शाळेत २१ जानेवारी २०२० रोजी नागरिकत्व कायद्यावर मुलांनी नाटक केले. नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. शाळेच्या मुख्याध्यापिकेला अटक झाली, आणि मुलीच्या तोंडच्या एका संवादाबद्दल तिच्या आईलाही. दोघी सुमारे पंधरा दिवस तुरुंगात होत्या. पोलिसांनी गणवेशात येऊन लहान मुलांची चौकशी केली. हे बालन्याय कायद्याचे उल्लंघन असल्याचे प्रथमदर्शनी मत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोंदवले. मूळ गुन्हा रद्द झाला तो जून २०२३ मध्ये, म्हणजे नाटकानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने. तीन वर्षांत पाचवीतले मूल आठवीत जाते.

गुन्हा रद्द करतानाच, शाळेतील मुलांना सरकारी धोरणांच्या टीकेपासून दूर ठेवलेले बरे, अशा अर्थाचेही न्यायालयाने म्हटले. हे मत आदराने ऐकावे, पण मला ते पटत नाही. ज्या गोष्टीची चर्चा घरात जेवताना चालते, ती शाळेच्या रंगमंचावर आली म्हणून मूल बिघडते हे कसे? मात्र या मतामागची काळजी खरी आहे. शिक्षकाच्या हातात गुण असतात, हजेरी असते. त्याने आपले राजकारण मुलांच्या तोंडी घातले, तर मुले नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून माझी कसोटी विषयाची नाही. बोलणाऱ्या मुलाला आपले वाक्य कळते का, आणि ते नको असेल तर भूमिका सोडता येते का, एवढेच मी पाहीन. नऊ वर्षांच्या मुलाबाबत याचे उत्तर अवघड आहे. आपण मात्र मतदार आहोत. आपल्याला फूस लावली असे कुणी म्हटले तर तो आपलाच अपमान आहे.

मराठी नाटकाला विरोध नवा नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती. पण मला अधिक बोलके वाटते ते ‘घाशीराम कोतवाल’. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात ते आले, एकोणीस प्रयोग झाले, आणि नाटक थांबवले ते नाटक करणाऱ्या संस्थेच्याच अध्यक्षांनी. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, आणि १९८० मध्ये हेच नाटक युरोपात जाऊन आले. आपले सर असे बाहेर पडू शकतात का? त्यांची नोकरी, वेतननिश्चिती, घरभाडे सगळे याच इमारतीत अडकलेले. तासिका तत्त्वावर असतील, तर पुढच्या जूनमध्ये त्यांना बोलावले नाही की संपले; कारणही द्यावे लागत नाही.

स्पर्धेची संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घेतली जाते. तो शिक्का मिळाला की आपण निश्चिंत होतो. पण शिक्का असलेला कागद दाराशी जमलेल्या घोळक्याला कोण दाखवणार? पुन्हा सरच. प्राचार्यांची परवानगी बहुधा जिन्यात मिळते: “करा बुवा, पण वाद नको.” ही परवानगी उद्या कुणालाही आठवत नाही.

तेव्हा येत्या स्नेहसंमेलनापासून एवढे करून पाहावे. तालमी सुरू होण्यापूर्वी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात संहितेचे जाहीर वाचन ठेवावे. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी तिथे यावे, बोलावे, हवे तर भांडावे. काही वाक्ये बदलतीलही. नाटककाराने इतके हळवे असू नये. फार गर्दी होणार नाही, वीस-पंचवीस माणसे येतील, त्यात पाच-सात प्राध्यापक असले तरी पुरे. मग संहितेच्या पहिल्या पानावर प्राचार्य, सांस्कृतिक समितीचे सर्व सदस्य आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांनी सह्या कराव्यात. सरांची सही शेवटी घ्यावी.