घरात तीन महिन्यांचे धान्य, बाहेर पावसाळा

मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला आणि ‘धान्य भरून ठेवा’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. देशात पुरेसा साठा आहे, घाबरून खरेदी करू नका, असे केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांना तेव्हा जाहीरपणे सांगावे लागले. त्याच सुमारास केंद्राने राज्यांना आणखी एक सूचना दिली होती. पावसाळा तोंडावर असल्याने जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचे रेशन एकदमच वाटून टाकावे, अशी ती होती. महाराष्ट्रातही त्यानुसार वाटप सुरू झाले. म्हणजे ज्या कुटुंबांना स्वतःच्या पैशाने कधी साठा करता आला नसता, त्यांच्या घरी सरकारनेच तो पोहोचवला.

हिशेब साधा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांच्या घरात तीन महिन्यांचे ७५ किलो झाले. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, म्हणजे १०५ किलो. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात, नेमक्या पावसाळ्यात, एवढे धान्य ठेवायचे कुठे आणि कसे, हा प्रश्न मात्र कार्डधारकांवरच सोडलेला होता. खरे तर भाववाढीच्या काळात साठा करावा की नाही, यापेक्षा हाच प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने मोठा आहे.

मराठवाड्याला साठवण नवी नाही. जुन्या वाड्यांत भिंतीच्या आत बळद असे, अंगणात कणगी, आणि ज्वारीचे मोठे पीक आले की पेव. कोरड्या, टणक जमिनीत खड्डा खणायचा, आतून कडबा-पाचट लावायचे, ज्वारी ओतायची आणि तोंड दगड-मातीने बंद करायचे. ही रचना चालायची त्यामागे पक्के विज्ञान होते. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वसन करत राहतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे गुदमरून मरतात. आज हवाबंद पिशव्या विकल्या जातात त्या याच तत्त्वावर. अर्थात तो वायू माणसालाही सोडत नाही. पेव उघडल्यावर काही काळ तोंड मोकळे ठेवायचे, आत दिवा सोडून पाहायचा आणि तो विझला तर उतरायचे नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग भाषेत उरला, पेवे मात्र बुजली.

ती बुजण्याचे कारण शेतात आहे. सोयाबीन आणि हळद ही जिल्ह्याची नगदी पिके झाली, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही दोन्ही पिके घरी ठेवून वर्षभर खायची नाहीत. शेतकरी सोयाबीन विकतो आणि तेलाचे पाकीट विकत घेतो. तूर विकतो आणि डाळ विकत घेतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचे तर घरच सहा महिने कुलूपबंद असते. त्यामुळे धान्य राखण्याची जी हातोटी घराघरात होती ती एका पिढीत विरळ झाली. नेमक्या अशा घरांत आता एकदम तीन महिन्यांचे धान्य येते.

धान्याचा खरा शत्रू किडा नव्हे, ओल आहे. गहू-तांदळात साधारण १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर ते नीट टिकतात. पण धान्य कोरडे आणले म्हणून कोरडे राहत नाही. ते हवेतली बाष्प शोषते. हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की धान्याचा ओलावा १३-१४ टक्क्यांवर चढतो आणि बुरशीला वाव मिळतो. हिंगोलीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता अनेक दिवस याहून जास्त असते. त्यात गोणी थेट फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवली तर खालून-मागूनही ओल लागते. म्हणून गोणीखाली फळी किंवा विटा हव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर. त्याहून बरे म्हणजे घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा प्लास्टिकचा पिंप. उन्हात वाळवलेले धान्य गरम असतानाच भरू नये. ते आत घाम धरते. ओलावा मोजायला यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले आहे.

बुरशीचा मुद्दा केवळ वासाचा आणि चवीचा नाही. अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृतावर आघात करते, दीर्घकाळ पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते, आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्णपणे जात नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. ती बहुतेक गरीब कुटुंबे होती. खराब दिसणारा मका टाकून देऊन दुसरा आणण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. मका आणि शेंगदाणा यांना हा धोका सर्वाधिक, गहू-तांदळाला तुलनेने कमी. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट रोजच्या भाजीत पडतो, म्हणून हे लक्षात ठेवायला हवे. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा निवडून टाकावा. भाव कितीही वाढलेला असो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी सप्टेंबरमध्ये हिंगोलीसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि उभी पिके पाण्यात राहिली. अशा हंगामातला भिजलेला शेतमाल ‘घरी खायला ठेवू’ म्हणून बाजूला काढण्याचा मोह होतो, आणि धोका तिथेच आहे.

किड्यांच्या भीतीने लोक जे उपाय करतात ते कधीकधी किड्यांपेक्षा वाईट असतात. धान्यात टाकायच्या गोळ्यांपैकी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सल्फास’च्या गोळ्या हवेतल्या बाष्पाशी संयोग पावून फॉस्फिन वायू सोडतात. सरकारी गोदामात हाच वायू ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांकडून वापरला जातो. घरात मात्र धान्याची कोठी आणि झोपण्याची जागा बहुधा एकाच खोलीत असते. बंद खोलीत झोपलेली माणसे, विशेषतः लहान मुले, यामुळे दगावल्याच्या घटना देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. या विषावर उतारा नाही. बोरिक पावडर धान्याला चोळण्याची सवयही सोडण्यासारखी आहे. धुतल्याने ती पूर्ण निघेलच असे नाही.

मेमधले ऊन हा सर्वात स्वस्त उपाय. काळ्या कापडावर पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक घातले तर आतले तापमान ५० अंशांच्या पुढे जाते आणि अंडी-अळ्या मरतात. फक्त हे बियाण्यासाठी नको, उगवण घटू शकते. कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवण्याची पद्धत निव्वळ समजूत नाही. दाण्यावरच्या तेलामुळे भुंग्याची अंडी उबत नाहीत. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, म्हणून अख्ख्या तुरीपेक्षा भरडलेली डाळ घरात जास्त सुरक्षित राहते.

डाळीचा मुद्दा इथे आलाच आहे, तर भाववाढीचा खरा फटका कुठे बसतो तेही पाहायला हवे. महागाईच्या बातमीने घाबरून माणसे आधी गहू-तांदूळ भरतात. पण गरीब कुटुंबाला तेच रेशनवर मोफत मिळते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा दीडशेच्या पुढे. तेव्हा केंद्राने २१ जून २०२४ रोजी तूर आणि हरभऱ्यावर साठामर्यादा लावली: किरकोळ दुकानदाराला ५ टन, घाऊक व्यापाऱ्याला २०० टन. पुढच्याच हंगामात आयातीमुळे आणि नव्या पिकामुळे तुरीचा दर ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली आला. पिकवणारा आणि खाणारा एकच माणूस असूनही तो दोन्ही वेळा तोट्यात.

डाळ महागली की ताटातली डाळ पातळ होते, भात-भाकरी वाढते. पोट भरते, प्रथिने आणि लोह घटतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढाच्या २,००० उष्मांकांच्या आहारात रोज सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत. म्हणजे महिन्याला माणशी अडीच किलो. मजुरीवर जगणाऱ्या घरात चार माणसांना मिळून तेवढी डाळ आली तरी पुष्कळ म्हणायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. घरात डाळ कमी पडली की शेवटी जेवणारी बाईच ती सोडते, हे वेगळे सांगायला नको.

हिंगोलीत याला आणखी एक पदर आहे. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश असल्याने इथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून २ रुपये किलोने गहू आणि ३ रुपये किलोने तांदूळ, माणशी ५ किलो मिळत असे. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात जमा करायचे ठरले, २०२४ मध्ये ते १७० झाले. धान्याचे पोते भाववाढीला घाबरत नाही, रोख रक्कम घाबरते. ५ किलो धान्याला १७० रुपये म्हणजे किलोमागे ३४. त्यापुढे बाजारभाव गेला की फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो, आणि तो बहुधा डाळीच्या खर्चातूनच निघतो. त्यामुळे ज्याच्याकडे तूर पिकते त्याने सगळी न विकता क्विंटलभर ठेवून भरडून घेतली तर सत्तर किलोच्या आसपास डाळ हाती येते. चार माणसांच्या घराचे सहा-सात महिने त्यावर निघतात.

भूमिहीन कुटुंबाकडे ठेवायला तूरच नसते. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीपासून काही सणांना ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात हरभरा डाळ आणि तेल होते, तेही १०० रुपयांच्या संचात किलो-किलो. तमिळनाडूत मात्र तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपये लिटरने रेशनच्या दुकानातून दर महिन्याला मिळते.